डबीवरचे हजार आणि पोटात जाणारे एकशे चाळीस : मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा अनुभव

मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या साठ गोळ्यांची एक डबी मी आमच्या गावातल्या मेडिकलमधून ६९९ रुपयांना घेतली आणि रोज रात्री जेवणानंतर एक याप्रमाणे दोन महिन्यांत संपवली. याच रचनेच्या गोळ्या बऱ्याच कंपन्या विकतात आणि त्यांच्या डब्यांवरचा मजकूरही बराचसा सारखाच असतो, त्यामुळे कंपनीचे नाव न देता मी या गोळीविषयी लिहिते आहे. मी उच्च माध्यमिक वर्गांना एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने डबीवरचे आकडे नीट तपासल्याशिवाय मला गोळी घेववली नाही, आणि त्या तपासणीतून जे हाती आले ते विकत घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे वाटते.

आधी गरज का पडली ते सांगते. गेल्या हिवाळ्यापासून रात्री दोन-अडीचच्या सुमारास डाव्या पोटरीत गोळा येऊन मला जाग येऊ लागली. ज्यांना पायात गोळे येतात त्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, पायाची बोटे आपोआप खाली वळतात, आणि टाच धरून पंजा वर ओढेपर्यंत श्वास रोखून बसावे लागते. आठवड्यातून एकदा येणारा गोळा जानेवारीत आठवड्यातून चार वेळा येऊ लागला. ओळखीच्या दोघी-तिघींनी मॅग्नेशियम घ्यायला सांगितले आणि मी डॉक्टरांना न विचारता ऑनलाइन एक डबी मागवली. ती माझी चूक होती, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय या दुसऱ्या डबीचे मोल कळणार नाही.

त्या पहिल्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘मॅग्नेशियम ५०० मिग्रॅ’ आणि ‘उत्तम शोषण’ असे छापले होते. घटकांची यादी मागच्या बाजूला इतक्या बारीक टायपात होती की ती वाचायला मला भिंग घ्यावे लागले, आणि त्या यादीत मॅग्नेशियम ऑक्साइड होते. वर्गात मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून जाळली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो आणि मागे पांढरी राख उरते, हा प्रयोग शाळेत पाहिलेला नाही असा विद्यार्थी विरळा. ती राख म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. मुलांना ती पाण्यात ढवळायला सांगितली की ती फारशी विरघळत नाही, खाली बसते. मात्र त्या पाण्यात लाल लिटमस निळा होतो, म्हणून पदार्थ अल्कधर्मी आहे हे सिद्ध होते. पाण्यात न विरघळणारी ही भुकटी पोटातल्या आम्लात मात्र विरघळते. आता अडचण अशी की मी गेली सहा वर्षे आम्लपित्तासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेत होते, म्हणजे जे आम्ल ऑक्साइडला विरघळवणार तेच मी गोळीने कमी केलेले होते. न शोषलेले मॅग्नेशियम आतड्यात पाणी धरून ठेवते आणि पोट ढिले करते. बद्धकोष्ठावर जे मिल्क ऑफ मॅग्नेशिया पूर्वी घरोघरी असे, त्याचे काम याच तत्त्वावर चालते. मला पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले, गोळे होते तसेच राहिले, आणि परतावा मागितला तेव्हा डबी उघडलेली असल्याचे कारण देऊन विक्रेत्याने तो नाकारला.

त्यानंतर मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझेच जुने विद्यार्थी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पॅन्टोप्राझोलचा. ‘बाई, ही गोळी तुम्हाला सहा आठवड्यांसाठी दिली होती, सहा वर्षांसाठी नाही,’ असे ते म्हणाले आणि त्यांनी रक्तातील मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन तपासायला सांगितले. आम्ल कमी करणाऱ्या या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिलेला आहे. आतड्यातून मॅग्नेशियम शोषून घेण्याची क्रिया त्यांच्यामुळे मंदावते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, बराच काळ अनियंत्रित राहिलेला मधुमेह, सततचे जुलाब आणि नियमित मद्यपान ही कमतरतेची आणखी ठळक कारणे. माझे सीरम मॅग्नेशियम १.६ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा १.७ होती. पोटॅशियमही काठावर होते. क्रिएटिनिन ठीक होते, आणि ते ठीक आहे हे पाहूनच त्यांनी मॅग्नेशियम सुरू करायला परवानगी दिली.

१.६ हा आकडा मर्यादेच्या इतका जवळ असताना काळजी कशासाठी, असे मी त्यांना विचारले. उत्तर मला माहीत असायला हवे होते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक हाडांत, उरलेले बहुतेक सगळे स्नायूंत आणि इतर मऊ ऊतींत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर धडपडते: मूत्रपिंडे लघवीतून जाणारे मॅग्नेशियम अडवून परत घेतात आणि हाडांतला साठा हळूहळू रक्तात उतरतो. त्यामुळे रक्ताचा अहवाल बरोबर दिसत असतानाही साठा आटलेला असू शकतो, आणि जेव्हा रक्तातच ते कमी दिसते तेव्हा कमतरता बहुधा नुकतीच सुरू झालेली नसते. पाण्याच्या टाकीत किती पाणी उरले आहे हे फक्त नळाच्या धारेवरून ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

पोटॅशियम काठावर असणे हाही योगायोग नव्हता. मॅग्नेशियम कमी असले की मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जाते, आणि अशा रुग्णाला नुसते पोटॅशियम देत राहिले तर पातळी वर येत नाही. आधी मॅग्नेशियम भरून काढावे लागते. कॅल्शियमचेही तेच. मॅग्नेशियम फार कमी झाले तर पॅराथायरॉइड ग्रंथीचे काम बिघडते आणि कॅल्शियम घसरते. आपल्याकडे साठ हजार युनिटांची ड जीवनसत्त्वाची पावडर किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घेणारे लोक घरटी सापडतात, पण ते ड जीवनसत्त्व यकृतात आणि मूत्रपिंडात ज्या विकरांमुळे कामाच्या रूपात येते, त्या विकरांनाही मॅग्नेशियम लागते, याचा उल्लेख मी कोणत्याही पाकिटावर पाहिलेला नाही.

पोटरीतल्या गोळ्याशी या धातूचा संबंध काय, हेही सांगायला हवे, कारण गोळीच्या जाहिरातीत ‘स्नायू शिथिल करते’ एवढेच वाक्य असते. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळे झाले की स्नायू आकसतो. तो पुन्हा सैल व्हायचा असेल तर ते कॅल्शियम पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत परत ढकलावे लागते, आणि हे ढकलण्याचे काम एटीपी नावाच्या रेणूच्या बळावर चालते. पेशीत एटीपी बहुतेक वेळा मॅग्नेशियमला धरूनच वावरतो. मॅग्नेशियम नसेल तर ज्या विकरांनी एटीपी वापरायचा त्यांना तो नीट पकडताच येत नाही. म्हणजे आकसणे कॅल्शियमचे, आणि सैल होण्याच्या कामातला मोठा वाटा मॅग्नेशियमचा. चेतातंतूंवरही मॅग्नेशियम लगाम ठेवते. ते कमी झाले की चेता किरकोळ कारणाने उद्दीपित होतात, पापणी फडफडते, हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात. कमतरता तीव्र असेल तर झटकेही येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मॅग्नेशियम लागणाऱ्या विकरांची संख्या तीनशेहून अधिक सांगितली जाते. पानातल्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागीही हाच अणू बसलेला असतो. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत असे, आणि मुलांच्या वह्यांत मधोमध लिहिलेले ते एमजी पाहताना मला आजही समाधान वाटते.

आता डबीकडे येते. समोरच्या बाजूला ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ’ असे लिहिले आहे आणि बाजूला चंद्रकोर काढून ‘शांत झोप, निरोगी स्नायू’ असे शब्द आहेत. विकत घेणारा माणूस यावरून असे समजतो की एका गोळीत हजार मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. तसे नाही. हजार मिलिग्रॅम हे संपूर्ण संयुगाचे वजन आहे, आणि त्या संयुगात ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन भाग व मॅग्नेशियमचा एक अणू असतो. मॅग्नेशियमचे अणुवस्तुमान २४.३ आणि संयुगाचे रेणुवस्तुमान सुमारे १७२.४, भागाकार केला की १४.१ टक्के येतात. म्हणजे हजार मिलिग्रॅम संयुगात मॅग्नेशियम साधारण १४० मिलिग्रॅम. या डबीच्या मागच्या तक्त्यात ‘मूलद्रव्य रूपातील मॅग्नेशियम १४० मिग्रॅ’ असे स्वच्छ छापलेले आहे आणि ते माझ्या हिशेबाशी जुळते, ही या उत्पादनाची मला सर्वात आवडलेली गोष्ट आहे. मेडिकलच्या काउंटरवर मी आणखी दोन डब्या उलटून पाहिल्या. एकीवर मूलद्रव्याचा आकडाच नव्हता. दुसरीवर ५०० मिलिग्रॅम ग्लायसिनेटमधून ११० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते असे लिहिले होते, जे २२ टक्के होतात आणि शुद्ध ग्लायसिनेटमधून मिळणे शक्य नाही. अशा वेळी त्यात ऑक्साइड मिसळलेले असण्याची शक्यता असते, आणि काही ठिकाणी ‘बफर्ड’ हा शब्द लिहून ते सांगितलेलेही असते. चौदा टक्क्यांच्या वर आकडा दिसला की विकत घेण्यापूर्वी घटकांची यादी पुन्हा वाचावी.

याच तक्त्यात एक उणीवही आहे. कमाल मात्रा म्हणून रोज दोन गोळ्या सांगितल्या आहेत, म्हणजे २८० मिलिग्रॅम, आणि त्यापुढे दैनिक गरजेच्या ६४ टक्के असे छापले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ४४० आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवे. ६४ टक्के हा आकडा पुरुषाच्या गरजेवरून काढलेला आहे. स्त्रीसाठी तोच आकडा ७६ टक्क्यांच्या आसपास जातो. जेवणातून काहीच मिळत नाही असे कोणाचेही नसते, आणि या गोळ्या घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असताना तक्त्यात दोन रकाने करायला कंपनीला काही अडचण नसावी. शिवाय गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा अमेरिकेत ३५० तर युरोपात २५० मिलिग्रॅम मानली जाते. अन्नातल्या मॅग्नेशियमला ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे डॉक्टरांनी मला एकच गोळी सांगितली आणि ती मला पुरली.

गोळी दिसायला पांढरी, लांबट आणि जवळपास दोन सेंटीमीटरची आहे. ज्यांना मोठ्या गोळ्या गिळताना त्रास होतो त्यांना ही जड जाईल. मधोमध रेघ असल्याने ती हाताने मोडते, मात्र मोडलेली कड खरखरीत असते आणि घशाला लागते, म्हणून मी ती भरपूर पाण्याबरोबर अर्धी-अर्धी घेत असे. चव किंचित गोडसर आहे. ग्लायसिन मुळात गोड असते, त्याचा हा परिणाम असावा. पोटाला ती पूर्णपणे सोसली; दोन महिन्यांत एकदाही जुलाब झाले नाहीत, मळमळही नाही. ग्लायसिनेट पाण्यात विरघळते आणि पोटाला सौम्य असते हा लौकिक माझ्यापुरता खरा ठरला. सायट्रेटही चांगले शोषले जाते आणि ते बहुधा स्वस्त पडते, पण त्याने पोट थोडे हलके होते. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांना ते उलट सोयीचे पडू शकेल. घटकांच्या यादीत शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट आहे. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून वापरला जाणारा तो एक पदार्थ आहे, त्याचे प्रमाण नगण्य असते, आणि त्याला पोषणातले मॅग्नेशियम समजू नये.

डबीतल्या कागदावर दोन गोष्टी ठळक अक्षरांत असायला हव्या होत्या आणि त्या तशा नाहीत. पहिली मूत्रपिंडांची. शरीरात जास्त झालेले मॅग्नेशियम बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. ती अशक्त असतील तर ते साठत जाते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते, श्वास आणि हृदय मंदावू शकते. ‘आजार असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे सर्वसाधारण वाक्य इथे पुरेसे नाही. दुसरी गोष्ट इतर औषधांबरोबरच्या अंतराची. मॅग्नेशियम काही औषधांना पोटातच बांधून ठेवते आणि ती शोषली जात नाहीत. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके, तसेच हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या यांच्याबाबतीतही अंतर ठेवावे लागते. मी पहाटे थायरॉइडची गोळी घेते, म्हणून मॅग्नेशियम रात्रीचे ठरले. हे मला डॉक्टरांनी सांगितले. डबीवरून ते कळले नसते.

परिणामाविषयी मी जपून लिहिते. तिसऱ्या आठवड्यापासून गोळे कमी झाले आणि दुसऱ्या महिन्यात संपूर्ण महिनाभरात एकदाच आला. आठ आठवड्यांनी सीरम मॅग्नेशियम १.९ आले, पोटॅशियमही वर सरकले. पण या काळात आणखी तीन गोष्टी बदलल्या होत्या. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करत बंद केले, मी झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम सुरू केला, आणि दिवसभरात पाणी पिण्याचे विसरत असे ते लक्षात ठेवून पिऊ लागले. श्रेय कोणाला किती, हे मला एकटीच्या अनुभवावरून सांगता येणार नाही. पायात गोळे येणाऱ्या वयस्क माणसांवर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला आहे, आणि २०२० च्या आवृत्तीत त्यांचा निष्कर्ष असा आहे की अशा लोकांना मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जाणवण्याइतका फायदा होण्याची शक्यता कमी आहे. त्या निष्कर्षाचा आणि माझ्या अनुभवाचा मेळ मी असा घालते : माझ्या रक्तात मॅग्नेशियम खरोखर कमी होते आणि त्याचे कारणही सापडले होते. ज्यांचे कमी नाही, त्यांनी पायातल्या गोळ्यांसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्यांकडे धाव घेण्यात मला अर्थ दिसत नाही. रक्तदाबाच्या बाबतीतही चाचण्यांत दिसलेली घट सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपासची आहे. ती चालू औषधाची जागा घेऊ शकत नाही. झोपेविषयी चंद्रकोर जे सांगते त्याला आधार देणारे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. मला झोप चांगली लागली, कारण पोटरी मला उठवत नव्हती.

मॅग्नेशियमची खरी ताकद मी एकदाच डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती गोळीतली नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेचा आठव्या महिन्यात रक्तदाब १७० वर गेला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, डोके दुखू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. डॉक्टरांनी ताबडतोब मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून सुरू केले. पहिली मात्रा ४ ग्रॅमची होती. त्यात मूलद्रव्य रूपातील मॅग्नेशियम साधारण ४०० मिलिग्रॅम असते आणि ते आतड्याच्या वाटेला न जाता सरळ रक्तात उतरते. औषध जाताना तिला सगळ्या अंगात गरम लाट गेल्यासारखे वाटले. त्यानंतर रात्रभर एक परिचारिका ठरावीक वेळाने येऊन रबरी हातोडीने तिच्या गुडघ्याखाली हलकेच ठोकत असे, पाय उडतो की नाही हे पाहत असे, श्वास मोजत असे आणि पिशवीतली लघवी किती झाली ते कागदावर लिहीत असे. मॅग्नेशियम रक्तात जास्त झाले तर आधी गुडघ्याचा हा प्रतिसाद जातो आणि मग श्वासावर परिणाम होतो, म्हणून ही तपासणी. उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी ठेवलेले होते. दहा हजारांहून अधिक गर्भवतींवर ३३ देशांत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत असे दिसले की या उपचाराने गर्भारपणातल्या झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. सुनेला झटका आला नाही. बाळ आता शाळेत जाते. ज्या क्षाराची पूड मेडिकलमध्ये एप्सम सॉल्ट म्हणून पाय बुडवायला मिळते, तोच हा क्षार. गरम पाण्यात पाय बुडवून बरे वाटते हे खरे, मात्र कातडीतून पुरेसे मॅग्नेशियम आत जाते असे म्हणायला भक्कम पुरावा नाही.

पैशांचा हिशेबही सांगते. एक गोळी ११ रुपये ६५ पैशांना पडली आणि तिच्यात १४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम होते. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे १२५ मिलिग्रॅम असते, ज्वारीत त्याहून थोडे अधिक, नाचणीत १४५ च्या आसपास. उलट पॉलिश केलेल्या तांदळात ते वीसच्या आत येते, कारण कोंड्याबरोबर मॅग्नेशियमही गिरणीतच राहते. राजगिऱ्यात अडीचशेच्या वर, तिळात साडेतीनशेच्या आसपास आणि भोपळ्याच्या बियांत पाचशेच्या वर. मूठभर शेंगदाणे म्हणजे साधारण पन्नास. अन्नातल्या मॅग्नेशियमपैकी सर्वसाधारणपणे तीस ते चाळीस टक्केच शोषले जाते, आणि कोंड्यातले फायटेट नावाचे द्रव्य त्यातले काही धरून ठेवते. पण भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या क्रियांनी फायटेट घटते, आणि आपल्या मटकीच्या उसळीत व नाचणीच्या आंबिलीत या क्रिया आधीपासूनच आहेत. माझ्या आहारात गेल्या दहा वर्षांत सांगायचे तर दोन्ही वेळेला भात आणि मैद्याची बिस्किटे यांनी भाकरीची जागा घेतली होती. एकटीसाठी पीठ मळून भाकरी थापायचा कंटाळा हे त्याचे कारण होते, आणि ते मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ते कागदावर लिहून घेतले.

पाण्याचीही एक बाब आहे. आमच्या भागातला काळा पाषाण मॅग्नेशियमयुक्त खनिजांचा, म्हणून बोअरचे पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. पाठ्यपुस्तकात आम्ही त्याला दुष्फेन पाणी म्हणत असू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम चालते, आणि दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत. अशा पाण्याचे दोन लिटर पोटात गेले तर त्यातून लहानसा पण रोजचा पुरवठा होतो. आरओ यंत्र बसवल्यावर तो जवळजवळ थांबतो. मी यंत्र काढलेले नाही, कारण आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फारच आहेत, पण हा पुरवठा बंद झाला आहे हे हिशेबात धरले.

डबीविषयी आणखी थोडे. झाकणाखालचे सील नीट होते, आत ओल शोषणारी पुडी होती, आणि जूनच्या दमट हवेतही शेवटच्या गोळ्या भुसभुशीत झाल्या नाहीत. परवाना क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य छापलेले आहे. हे शेवटचे वाक्य पूरक आहारावर असावेच लागते, आणि ते वाचल्यावर झोप व स्नायू यांची आश्वासने त्याच डबीवर कशी, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडायला हवा.

मूलद्रव्याचा खरा आकडा, पोटाला सोसणे आणि ओलीपासून जपणारी डबी यांसाठी मी या उत्पादनाला पाचपैकी चार गुण देते. एक गुण मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या गोळीविषयीची सूचना नसल्याबद्दल कापते. डॉक्टरांनी कमतरता पाहून सांगितले असेल तर ही डबी घ्यायला हरकत नाही. ती संपल्यावर मी दुसरी घेतलेली नाही. सध्या रात्री ज्वारीची एक भाकरी, तिळाची चटणी आणि एखादी पालेभाजी असते, पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम चालू आहे, आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा रक्त तपासायचे ठरले आहे. तेव्हा गोळीशिवाय आकडा १.९ वर टिकतो का ते कळेल.